जिताड्याची वरची मर्यादा

रायगड जिल्ह्यातल्या खाड्यांवर गरवायला बसणाऱ्यांना मनातला मासा विचारला, तर बहुतेक जण जिताड्याचं नाव घेतील. धरमतरच्या खाडीत, पेण-अलिबागच्या खारेपाटात, जिथे जिथे बांधाला उघाडी आहे आणि भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करतं, तिथे एखाद्या थोरल्या जिताड्याची वदंता असतेच. तो अमक्या पुलाच्या खांबाशी राहतो. उधाणाच्या भरतीला उघाडीच्या तोंडाशी येतो. गेल्या पावसाळ्यात कुणाचा तरी दोर तोडून गेला, त्याच्या आदल्या वर्षी कुणाची गरी सरळ करून गेला. पाहिलेली माणसं थोडी, सांगणारी पुष्कळ. आणि ऐकणाऱ्यांपैकी दोघं-तिघं तरी पुढच्या उधाणाची तिथी मनात धरूनच घरी जातात.

ही ओढ मला हलकी वाटत नाही. मासेमारीच्या छंदाकडे वरून पाहणारे तिला हाव म्हणून मोकळे होतात, पण हावरा माणूस आठ-आठ रात्री रिकाम्या हाताने परत येत नाही. ज्याला टोपली भरायची असते तो जाळं घेऊन जातो. मोठ्या माशाच्या मागे लागलेला माणूस त्या पाण्याचा अभ्यास करतो. उधाण कधी, भांग कधी, पावसाचं गढूळ पाणी किती दिवसांनी निवळतं, बोयट्यांचा थवा कोणत्या कडेने जातो, ओहोटी लागल्यावर खड्डा कुठे उरतो, हे सगळं त्याला पाठ होतं. खाडीवर नवा भराव पडला, कारखान्याचं पाणी सुटलं, उघाडीची फळी कुजली, तर सगळ्यात आधी त्याला कळतं. पाण्याशी इतकं जवळचं नातं ठेवणारी माणसं आपल्याकडे आता फार उरलेली नाहीत.

त्यात पुन्हा हा मासा ‘आपल्या’ पाण्यातला असावा लागतो, आणि माझ्या दृष्टीने सगळं मर्म इथेच आहे. पैसे भरून शेततळ्यावर बसलं आणि खायला घालून वाढवलेला दहा किलोचा कटला काढला, तर घटकाभर मजा वाटते. त्याची गोष्ट कुणी वर्षानुवर्षं सांगत नाही. खाडीतल्या जिताड्याची सांगतात. त्या माशाने ते पाणी अनेक वर्षं सोसलेलं असतं. जाळी, घाण, उन्हाळे चुकवत तो एवढा झाला, म्हणजे त्या पाण्यात अजून एवढं होण्याची कुवत शिल्लक आहे, याची तो जिवंत साक्ष असतो. म्हणून त्याच्या मागे लागणाऱ्याला खरं तर त्या पाण्याचा मोठेपणा हाताने चाचपून पाहायचा असतो. ही इच्छा खरी आहे, आणि ती टिकावी असं मला मनापासून वाटतं. माझं भांडण आहे ते तिच्या शेवटाशी, म्हणजे मासा काठावर आल्यानंतर त्याचं काय होतं याच्याशी.

जिताड्याचं आयुष्य समजून घेतलं तर हे भांडण कशासाठी ते कळतं. हा मासा बहुधा नर म्हणून वयात येतो. काही वर्षं नर म्हणून जगतो, आणि मग अंगाने वाढत पाऊण-एक मीटरच्या आसपास पोहोचला की त्यातल्या बहुतेकांचं मादीत रूपांतर होतं. त्याचा आकारही दीड मीटरपलीकडे जाऊ शकतो. याचा सरळ अर्थ असा, की खाडीतला सगळ्यात मोठा जिताडा जवळजवळ नेहमी मादी असतो. पुलाच्या खांबाशी राहणारा तो ‘थोरला’ आपण पुल्लिंगी करून सांगतो, पण ती थोरली असते. तिच्या पोटात एका हंगामात कोटींच्या घरात अंडी तयार होतात. ती पावसाच्या सुमारास खाडीच्या तोंडाकडे, खाऱ्या पाण्याकडे जाते, तिथे अंडी घालते, आणि त्यातून निघालेली बारकी पिल्लं भरतीबरोबर आत येतात: खाजणात, शेतांच्या कडेच्या चरांत, गावतळ्यांत. खारेपाटातल्या तळ्यांमध्ये जिताडे वाढवण्याची जी जुनी रीत आहे, ती याच येण्या-जाण्यावर उभी राहिली.

आता या माशाच्या बाबतीत ‘मोठा तेवढा काढायचा’ असा नियम वर्षानुवर्षं चालला, तर खाडीत कोण उरेल? नर उरतील. जिताडे दिसत राहतील, लागत राहतील, बाजारात येतही राहतील, आणि एक दिवस पिल्लं कमी का झाली याचं कोडं पडेल. गोबऱ्याच्या, म्हणजे हेकरूच्या, कुळात गंमत उलटी आहे. ते मासे मादी म्हणून वयात येतात आणि मोठे झाल्यावर नर होतात, तेव्हा खडपातला थोरला गोबरा काढला की माद्या उरतात आणि नर संपतात. दोन्हीकडे एकच गोष्ट घडते. आपण ज्याला एक मासा समजतो ती त्या पाण्याच्या संसारातली एक जागा असते, आणि ती जागा भरायला पुढच्याला वर्षं लागतात.

लिंग न बदलणाऱ्या माशांमध्येही मोठ्या मादीचं मोल तिच्या वजनाच्या हिशेबात बसत नाही. 2018 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तीनशेहून अधिक जातींच्या समुद्री माशांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातलं अटलांटिक कॉडचं उदाहरण मी कधी विसरलो नाही. तीस किलोची एक मादी जेवढी अंडी देते, तेवढी दोन-दोन किलोच्या अठ्ठावीस माद्या मिळूनही देत नाहीत. म्हणजे छप्पन किलो लहान मासे तीस किलोच्या एका माशापुढे कमी पडतात. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या काळ्या रॉकफिशवर झालेल्या प्रयोगात तर वयस्क आईची पिल्लं तरुण आईच्या पिल्लांपेक्षा वेगाने वाढली आणि उपाशी राहूनही जास्त दिवस तगली, कारण आईने त्यांना जन्मताना तेलाची मोठी शिदोरी दिली होती. मासेमारीच्या जुन्या शास्त्रात वजनाला वजन धरत. एक टन मासे म्हणजे एक टन मासे, मग ते केवढेही असोत. तो हिशेब चुकीचा होता.

इथे हमखास एक प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. एका माशाने काय होतं? ट्रॉलर रोज टनांनी उपसतात, नद्यांमध्ये कारखाने विष सोडतात, आणि आम्ही गळाने वर्षाकाठी एखादा मोठा मासा काढला तर पाणी ओस पडणार आहे का? समुद्राच्या बाबतीत या युक्तिवादात बरंच तथ्य आहे. ट्रॉलरचा आणि गळाचा दोष एका तागडीत घालणं अन्यायाचं होईल. पण खाडी, नदीचा डोह, धरणाची फुगवट ही पाणी लहान असतात. तिथे मीटरभर लांबीचे जिताडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असू शकतात, आणि त्यांच्या मागे लागलेले गळ मात्र शेकड्यांनी. प्रत्येकाला एकच मासा हवा असतो, आणि तो मासा सगळ्यांचा एकच असतो. जाळं आंधळं असतं, ते लहान-मोठं सगळं ओढतं. मोठ्या माशासाठी लावलेला गळ मात्र निवड करतो. आमिष मोठं, गरी मोठी, दोर जाड, जागा नेमकी. त्याची सगळी कुशाग्रता त्या पाण्यातल्या सर्वांत मोलाच्या जिवावर एकवटलेली असते. त्यामुळे संख्येने थोडा असूनही त्याचा घाव वर्मी बसतो.

आणि ही निवड पिढ्यान्‌पिढ्या चालली तर मासाच बदलतो. 2002 साली कॉनोव्हर आणि मंच या दोन शास्त्रज्ञांनी सिल्व्हरसाइड नावाच्या बारक्या माशांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. टाक्यांमध्ये मासे वाढवायचे आणि प्रत्येक पिढीत काही टाक्यांतून सगळ्यात मोठे नव्वद टक्के काढून टाकायचे, काही टाक्यांतून सगळ्यात लहान नव्वद टक्के. चारच पिढ्यांत दोन्हींच्या सरासरी वजनात जवळजवळ दुपटीचा फरक पडला. जिथे मोठे काढले तिथे उरलेल्यांची संततीच सावकाश वाढणारी निघाली. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बियाण्यासाठी तो उत्तम कणीस बाजूला काढून ठेवतो, आधी खाऊन टाकत नाही. पाण्याच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करत आलो आहोत, आणि त्यालाच पराक्रम म्हणत आलो आहोत.

हा तोटा डोळ्यांना दिसत नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट बाब. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचं गाव आहे. तिथे गेली कित्येक दशकं पर्यटक बोटीने गळ टाकायला जातात आणि परत आल्यावर दिवसभरातले सर्वोत्तम मासे फळीवर टांगून त्यांच्याबरोबर फोटो काढतात. लॉरेन मॅक्लेनाकन या संशोधिकेने 1956 ते 2007 या काळातले असे फोटो जमवून त्यांतले मासे मोजले आणि 2009 मध्ये निष्कर्ष मांडले. सुरुवातीच्या फोटोंमध्ये बक्षिसी माशाचं सरासरी वजन सुमारे वीस किलो होतं. शेवटच्या फोटोंमध्ये ते अडीच किलोच्याही खाली आलं होतं. पहिल्या फोटोंत माणसांपेक्षा उंच गोबरे आहेत, शेवटच्यांत हातभर लांबीचे मासे. महागाईचा हिशेब धरला तर बोटीच्या फेरीचं भाडं मात्र फारसं बदललं नव्हतं. चेहऱ्यांवरचा आनंदही तेवढाच. आजोबांना जो मासा टांगायची लाज वाटली असती तो नातवाने छाती फुगवून टांगला, कारण त्याने आजोबांचं पाणी पाहिलेलंच नव्हतं. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 मध्ये या विस्मरणाकडे लक्ष वेधलं होतं. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे पाहते तेच मूळ समजते आणि तिथूनच घट मोजायला लागते.

समुद्रापासून लांब असलेल्या पुण्यालाही हे दूरचं वाटण्याचं कारण नाही. कर्नल विल्यम साइक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या माशांची पाहणी केली. पुण्याच्या पूर्वेला सात-आठ मैलांवर, मुळा-मुठेत मिळालेल्या एका महासीर माशाचं वर्णन त्याने 1839 मध्ये केलं. शास्त्रात आज ‘टॉर खुद्री’ म्हणून जो मासा ओळखला जातो तो हाच. ज्या पाण्याजवळून आज नाकावर रुमाल धरून जावं लागतं, ते पाणी या माशाचं शास्त्रातलं जन्मगाव आहे.

याच माशाच्या पुढच्या प्रवासात मोठ्या माशाच्या ओढीची सगळ्यात गुंतागुंतीची कहाणी आहे, आणि ती महाराष्ट्रातून निघून कावेरीला पोहोचते. कावेरीत पाठीवर उंच कुबड असलेला महासीर राहतो. भारतातल्या गोड्या पाण्यात गळाला लागलेले सर्वांत मोठे महासीर या नदीतले: 1919 साली 119 पौंडांचा, 1946 साली 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोचा. त्या आकड्यांनी जगभरचे गळवाले कावेरीवर ओढून आणले. 1970 च्या दशकापासून तिथे नवी शिस्त आली. नदीचे पट्टे भाड्याने घेऊन राखायचे, मासा पकडायचा, वजन करायचा आणि परत सोडायचा. पूर्वी सुरुंग लावून मासे मारणारी काही माणसं राखणदार आणि वाटाडे झाली. मोठ्या माशाची ओढ नदीच्या संरक्षणासाठी कशी जुंपता येते याचा हा खरोखर चांगला नमुना होता.

पण गळाला मासे भरपूर लागावेत म्हणून नदीत पिल्लंही सोडली जाऊ लागली. आपल्याकडे लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या वीज कंपनीने महासीरचं कृत्रिम प्रजनन यशस्वी केलं होतं. धरणांमुळे वाटा अडलेल्या माशासाठी केलेलं ते मोठंच काम होतं. तिथून महासीरची बोटुकली अनेक राज्यांत गेली. ही बोटुकली निळसर परांच्या खुद्रीची, आपल्या सह्याद्रीकडची. कावेरीत तिला मानवलं. तिथल्या गळवाल्यांच्या शिबिरांमधल्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदवह्या पुढे संशोधकांनी तपासल्या, तेव्हा चित्र असं दिसलं की एकूण महासीर वाढले होते, लागलेल्या माशांचं सरासरी वजन उतरत गेलं होतं, आणि कुबडवाला मूळ मासा जवळजवळ दिसेनासा झाला होता. ज्याच्यासाठी सगळे तिथे गेले तोच मागे पडला. त्याला तर नीट शास्त्रीय नावही नव्हतं. 2018 मध्ये त्याची ओळख ‘टॉर रेमादेवी’ म्हणून पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला.

या कहाणीतून दोन्ही बाजूंनी सोयीचे धडे काढले जातात. एक बाजू म्हणते, पाहा, गळवाल्यांचा छंद नडला, सगळंच बंद करा. 2010 नंतरच्या काही वर्षांत संरक्षित जंगलांतल्या कावेरीच्या पट्ट्यात गळाची मासेमारी खरोखरच बंद झाली. दुसरी बाजू म्हणते, गळवाले गेल्यावर राखण गेली, सुरुंगवाले परत आले. मला दोन्हींत अर्धं खरं दिसतं. नदीकाठी रात्रंदिवस डोळे लावून बसणारी माणसं हाकलून नदी वाचत नाही. पण त्या माणसांना ‘खूप मासे, मोठे मासे’ एवढंच हवं असेल आणि ‘या नदीचे मासे’ हवे नसतील, तर त्यांची राखणही नदीला धार्जिणी ठरत नाही. आपल्या पाण्यातला, हा शब्द त्या ओढीतून गळला की ती बिघडते. उजनीत चिलापी किंवा कुठल्या बंधाऱ्यात परदेशी मांगूर पोसलेला पाहून वजनावर खूश होणं हा त्याच बिघाडाचा पुढचा टप्पा आहे.

कायदा या सगळ्यात कुठे आहे? इंग्रजांच्या 1897 च्या कायद्याने सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यावर बंदी घातली, ती योग्यच होती. महाराष्ट्राने 1981 मध्ये सागरी मासेमारीचं नियमन करणारा कायदा केला. जून-जुलैच्या बंदीमुळे समुद्राला श्वास मिळतो. 2023 मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, आणि त्याच वर्षी 54 जातींसाठी किमान आकार ठरवून देण्यात आला. पापलेटसाठी ही मर्यादा 135 मिलिमीटर आहे. ज्यांनी बाजारात तळहाताएवढ्या पिल्लांचे ढीग पाहिले आहेत त्यांना या निर्णयाचं महत्त्व पटवून द्यायला नको. मात्र किमान आकाराचा नियम नकळत एक शिकवण देऊन जातो: लहान मासा सोडा, मोठा तुमचा. एकदा वयात आलेला मासा म्हणजे पिकलेलं फळ, तो तोडायला हरकत नाही, हा त्यामागचा समज. तो बांगड्याला किंवा तारलीला लागू पडत असेल. जिताड्याला, गोबऱ्याला, घोळीला, महासीरला तो लागू पडत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये आपला हाच जिताडा बॅरामंडी म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्याच्यापायी तिथे लोक आपल्यापेक्षा जास्त वेडे आहेत. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर 58 सेंटिमीटरपेक्षा लहान बॅरामंडी ठेवता येत नाही, आणि 120 सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवता येत नाही. खाली एक रेघ, वर एक रेघ. मधल्या मापातला मासा घरी न्या, खा. वरच्या मापातली मादी पाण्यात परत. या वरच्या रेघेमुळे तिथे कुणाची हौस मेली नाही. उलट मीटरच्या पुढचा बॅरामंडी पकडून सोडणं हाच तिथे मानाचा विषय झाला. आपल्या खाड्यांसाठी, निदान गळाच्या मासेमारीसाठी, अशी वरची मर्यादा आखली जावी असं माझं ठाम मत आहे. जिताड्यापासून सुरुवात करावी, कारण त्याचं शास्त्र सगळ्यांत स्पष्ट आहे आणि खाण्यासाठी दोन-तीन किलोचा जिताडा घराला पुरून उरतो.

‘गळाच्या मासेमारीसाठी’ हे शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. ऑगस्ट 2021 मध्ये, पावसाळी बंदी उठल्यावर लगेच, पालघर किनाऱ्यावरच्या एका होडीच्या जाळ्यात दीडशेच्या वर घोळ मासे सापडले आणि त्यांचा सौदा सव्वा कोटीच्या वर गेला. घोळीच्या पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, परदेशात जो भाव आहे त्याची ही किमया. घोळ थव्याने जमते, तेव्हा एका खेपेत मोठे मासे एकगठ्ठा जातात, आणि चीनच्या किनाऱ्यावर बहाबा नावाचा घोळीचा मोठा भाईबंद याच बोतापायी संपत आला, हे सगळं मला माहीत आहे. तरीही डिझेलची उधारी, खलाशांचे पगार, जाळ्याची दुरुस्ती डोक्यावर असलेल्या नाखव्याला, जाळ्यात मेलेली घोळ समुद्रात परत टाक, असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. तिथे प्रश्न जमण्याच्या जागा आणि हंगाम राखण्याचा आहे, बाजाराचा आहे, आणि तो मच्छीमार सोसायट्यांना बरोबर घेऊनच सुटेल. हौसेने गळ टाकणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा मासा जिवंत वर येतो. त्याचं पोट त्या माशावर नसतं. सोडायचं की ठेवायचं हे ठरवण्याची मुभा संपूर्ण किनाऱ्यावर त्याच्याइतकी कुणालाच नाही. म्हणून जबाबदारीचा पहिला वाटाही त्याचाच.

सोडणं हेही एक कसब आहे आणि ते अर्धवट केलं तर मारण्यापेक्षा बरं नाही. मोठा मासा अगदी बारीक दोरावर खेळवायची फुशारकी इथे नको. तासभर ओढाताण झालेल्या माशाच्या अंगात इतका शीण साठतो की तो पोहत गेलेला दिसला तरी पुढे मरू शकतो, आणि उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. दोर जाड घ्यावा आणि झटपट काठाशी आणावा. गरीचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा, म्हणजे ती जबड्यातून सहज निघते. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथून रोग शिरतो. हात ओले करावेत. सगळ्यात मोठा अपराध म्हणजे जबड्यात किंवा कल्ल्यात बोटं घालून मासा उभा लोंबकळवणं. पंधरा किलोच्या देहाला पाणी पेलत असतं. तो हवेत उभा टांगला की सगळा भार जबड्याच्या सांध्यावर आणि मणक्यावर येतो. फोटो हवाच असेल तर आडवा धरावा, एक हात पोटाखाली, शक्यतो पाण्यात उभं राहूनच, आणि आपण दम धरू शकतो तेवढ्याच वेळात संपवावा. मग त्याला पाण्यात सरळ धरून ठेवावं, तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला. कल्ले संथ लयीत हलू लागतात, शेपटीत जोर येतो, आणि तो स्वतःच हात झटकून निघतो. ढकलून द्यायचं नाही.

मोठे मासे राखायची कल्पना आपल्याला नवीनही नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथल्या डोहातले महासीर वरदायिनी देवीचे मानले जातात. लोक त्यांना खायला घालतात आणि कुणी गळ टाकत नाही. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराच्या डोहातही हीच रीत. अशा डोहांच्या तळाशी सोन्याची नथ घातलेला मासा असतो, ही कथाही बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. नथ घातलेला, म्हणजे मादी. ज्यांनी ही कथा रचली त्यांना अंड्यांचं गणित ठाऊक नसेल, पण डोहातल्या सर्वांत मोठ्या माशाला हात लावायचा नाही आणि ती थोरली बाई आहे, एवढं त्यांनी पक्कं धरलं होतं. नदीचा बाकीचा पट्टा उपसला गेला तरी या डोहांतून मासे वर-खाली पसरत राहतात. श्रद्धेने जे एका डोहापुरतं साधलं ते सगळ्या खाडीत साधणार नाही, हेही खरं. खाडीला देऊळ नाही, तिच्यावर अनेक गावांचा, बंदरांचा, कारखान्यांचा हक्क आहे. तिथे माणसांनी आपसात ठरवलेला नियमच लागेल.

त्या नियमासाठी सरकारी आदेश येईपर्यंत थांबायची गरज नाही. गळाच्या स्पर्धा जिथे भरतात तिथे सर्वांत वजनदार मृत मासा काट्यावर टाकून बक्षीस देण्याची पद्धत आयोजकांना पुढच्याच वर्षी मोडता येईल. मापपट्टीवर लांबी, सोबत फोटो, दोन साक्षीदार आणि मासा पाण्यात, एवढ्यावर क्रमांक लावता येतो. बाहेरदेशी लावतातही. मासा दाखवल्याशिवाय लोक विश्वास कसा ठेवतील, हा आक्षेप मोबाइलच्या काळात टिकत नाही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वही. कावेरीच्या शिबिरांनी चौदा-पंधरा वर्षं प्रत्येक माशाची नोंद ठेवली म्हणूनच कुबडवाला महासीर संपत चालल्याचं उघडकीस आलं, नाहीतर खुद्रींच्या गर्दीत त्याचं जाणं कुणाच्या लक्षातही आलं नसतं. धरमतरच्या जेट्ट्यांवर, खारेपाटातल्या उघाड्यांवर नेमाने बसणाऱ्यांनी अशी एक सामाईक वही घातली, त्यात तिथी, भरतीची वेळ, जागा, माशाची लांबी आणि सोडला की ठेवला एवढंच लिहीत गेले, आणि ती दहा वर्षं चालली, तर मीटरभराच्या वरच्या माद्या वाढताहेत की घटताहेत हे पाहणीची वाट न बघता तिथल्याच माणसांना सांगता येईल. मग वरची मर्यादा किती सेंटिमीटरवर ठेवायची याचा आकडाही क्वीन्सलँडकडून उसना आणावा लागणार नाही.